मागीलदार

आमच्याकडे नवरात्र उठलं की दिवाळीची साफसफाई सुरू होते. यंदा माळ्यावरचे पितळेचे डबे मी ज्या दिवशी खाली काढले, त्याच दिवशी खालच्या रस्त्यावर दुभाजकांना काळे-पिवळे पट्टे मारायला माणसं आली. दोन्ही कामं आठवडाभर बरोबरीनं चालली. मी चिंच लावून डबे घासत होते, ते ब्रश ओढत होते. कोपऱ्यावरच्या सातवीणीला बहर आला होता आणि संध्याकाळ झाली की तिचा तो जड वास ओल्या रंगाच्या वासात मिसळून सगळ्या घरात भरायचा. यंदाची दिवाळी मला त्या वासासकट आठवत राहणार आहे.

नवी मुंबई शहराला घाई होती ती पाहुण्यांची. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं. पाठोपाठ स्टेडियममध्ये महिला क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने. ते मुळात बेंगळुरूला व्हायचे होते, ऑगस्टच्या शेवटी ते इकडे हलवल्याची बातमी आली. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. त्यातला एक पावसात गेला.

मी १९९४ साली लग्न होऊन नेरूळला आले. रेल्वे येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. स्टेशनबाहेर रिक्षा मिळायची नाही आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणसापेक्षा कुत्री जास्त. त्या नेरूळमध्ये मी २०१७च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक पाहिला, पाच वर्षांनी मुलींचा पाहिला. स्पेन आणि कोलंबियाच्या मुली इथे अंतिम सामना खेळल्या. २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला इतकी माणसं आली की आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी पोरापोरींचे थवेच्या थवे पाणी मागायला थांबायचे. दर वेळी रस्ते धुतले जातात, झाडांना बुंध्यापासून गेरू-चुना लागतो, उड्डाणपुलाखालच्या भिंतींवर चित्रं येतात. मला हे सगळं आवडतं. पाहुणा येणार म्हणून घर आवरणं यात खोटं काही नाही. कुणासाठी तरी नीट राहावंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. शिवाय हे शहर स्वच्छतेत खरोखर मेहनती आहे. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात मोठ्या शहरांत देशात तिसरं आलं, ते एका आठवड्याच्या रंगरंगोटीवर आलेलं नाही.

पण घर आवरायची माझी शिकवण कोकणातली, आईची. संगमेश्वराजवळच्या आमच्या घराला पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, आणि सगळ्यात मागे मागीलदार. मागीलदारी विहीर, धुण्याची फातर, भांडी घासायची जागा, आळूचं खाचर, माडाला जाणारा सांडपाण्याचा पाट. मुंबईचे पाहुणे यायचे असले की आम्ही मुलं उत्साहानं अंगण झाडायला धावायचो. आई हाक मारून मागे बोलवायची. आधी पाट मोकळा करायचा, शेवाळ खरवडायचं, विहिरीचा काठ घासायचा, मगच अंगण. ती म्हणायची, "अंगणात पाहुणा बसतो तासभर. मागीलदारी तो तोंड धुतो, पाय धुतो. त्याला आपलं घर कळतं ते तिथे." पाट तुंबला की माडाच्या मुळाशी पाणी जायचं नाही आणि डास घरात यायचे, हेही होतंच. पण तिच्या बोलण्यात आधी पाहुणा यायचा.

त्यामुळे पट्टे मारणारी माणसं दिसली की माझ्या मनात आपोआप येतं, मागीलदारचं काय?

पुलाखाली रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, रंगवणारा एक मुलगा होता, विशीतला. नवी मुंबईत तुम्ही कुठेही गेलात तरी हे पक्षी तुम्हाला भेटतात. चौकात त्यांचे पुतळे, भिंतींवर चित्रं, बाकांच्या पाठीवर कोरलेल्या आकृत्या. शहराची ती ओळखच झाली आहे. हा मुलगा डाव्या हातात मोबाइल धरून त्यातला फोटो बघत उजव्या हातानं पाय काढत होता. मी भाजी घेऊन येताना थांबले, तर त्यानंच विचारलं की पक्ष्याचा गुडघा असा उलटा कसा मोडतो. मला हे एका पक्षीवाल्या शेजाऱ्यांनी पूर्वी सांगितलं होतं म्हणून सांगता आलं: जो गुडघा वाटतो तो खरं तर घोटा, गुडघा वर पिसांत असतो. त्यानं मान हलवली आणि तो सांधा जरा खाली घेऊन पुन्हा काढला. भरायला त्याच्याकडे एकच रंग होता, भडक राणी. तो काम संपवून दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलाकडे गेला. खरा पक्षी त्यानं कधी पाहिलेला नव्हता, आणि त्या महिन्यात दिसलाही नसता. कच्छाकडून ते यायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो.

त्याच पुलाच्या तोंडाशी दर दिवाळीला एक बाई केरसुण्या घेऊन बसते. शिंदीच्या पानांच्या, घट्ट वळलेल्या. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते. तिला हळदकुंकू वाहायचं, मग ती वापरायला काढायची. तीसेक वर्षांत मी दुसरीकडून केरसुणी घेतली नाही. यंदा धनत्रयोदशीला गेले तर जागा मोकळी. दोन दिवसांआधी एक गाडी आली होती आणि पुलाखालच्या सगळ्यांच्या पाट्या-टोपल्या उचलून घेऊन गेली होती. जिथून वस्ती दिसते त्या बाजूला हिरवं कापड ताणलं होतं, बांबूला बांधून, चांगलं पुरुषभर उंच.

मी तिला शोधत आतल्या गल्लीत गेले. पिठाच्या गिरणीच्या बाजूला, गटाराच्या झाकणावर गोणपाट टाकून ती बसली होती. पुढ्यात सहा केरसुण्या. एरवी तिच्या मागे पन्नास-साठ रचलेल्या असतात. बाकीच्या गाडीत गेल्या होत्या. वर्षातून याच पाच दिवसांवर तिचं घर निम्मं वर्ष चालतं. ती रागावलेली नव्हती. मला बघून म्हणाली, "बाई, तुमची ठेवलीय बाजूला." गोणपाटाखालून तिनं एक काढली. मुठीपाशी तांबडा दोरा गुंडाळलेला, दर वर्षी गुंडाळते तसाच.

त्या दिवशी मी घरी येऊन खूप वेळ काही बोलले नाही. घर स्वच्छ दिसावं म्हणून केरसुणी करणारीला आडोशाला बसवायचं, हे मला पटत नाही. पाहुण्यांना तिचं काय वावडं असणार होतं? उलट तिच्या हातचं बघायला ते थांबले असते, याची मला खात्री आहे. आणि ही खात्री मला पुढच्याच आठवड्यात एका पाहुणीनं दिली.

लेकीच्या ऑफिसात नेदरलँड्सहून एक मुलगी दोन आठवड्यांच्या कामाला आली होती. ऐन दिवाळीत हॉटेलात एकटी, म्हणून लेक तिला घरी घेऊन आली. भाऊबीजेचा दिवस होता, २३ ऑक्टोबर. माझ्या मुलानं बहिणीला ओवाळणीत सामन्याची तिकिटं घातली होती. सुरुवातीच्या सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून होती, म्हणून त्यालाही परवडलं. भारत-न्यूझीलंड. औक्षण झालं, करंज्या खाल्ल्या आणि तिघं चालत स्टेडियमला गेली. सांगलीच्या स्मृतीनं १०९ केल्या, प्रतिकानं १२२. मध्ये पाऊस आला, तिघं भिजली. रात्री उशिरा परतली ती घसा बसवून. पाहुणीला क्रिकेटमधलं फार काही कळलं नव्हतं, पण शेजारी बसलेल्या एका आजीनं तिला डब्यातला चिवडा दिला होता, हे ती दोनदा सांगत होती.

जेवताना तिनं मला विचारलं, "इथे सगळीकडे गुलाबी पक्षी काढलेत. ते कुठे आहेत?"

आत्ता नाहीत, हे मी सांगितलं. मग वाटलं, पक्षी नाहीत पण त्यांचं घर आहे की. शनिवारी सकाळी येतेस का, म्हटलं.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी सारसोळ्याची, इथल्याच कोळीवाड्यातली. मी तिला फोन केला की पाणी किती वाजता उतरेल. तिनं पंचांगही बघितलं नाही. "चवथ हाय ना? चार पावनं तीन. तीनला भरती. सकालचे या." कोळ्यांचं हे गणित मला तिनंच शिकवलं आहे. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीनला भरती आणि त्याआधी सहा तास, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पाऊणकी मी शाळेत घोकली होती आणि तिचा उपयोग कधी होईल असं वाटलं नव्हतं. मावशी शाळेत गेलीच नाही, पण तिला ती रोज लागते.

सातला आम्ही पाम बीच रस्ता ओलांडून जेट्टीकडे उतरलो. रस्त्याच्या अलीकडे काचेचे टॉवर, गवताच्या कडा कातरलेल्या, नुकतं रंगवलेलं सगळं. पलीकडे दहा पावलांवर तिवरांची हिरवी भिंत आणि तिच्यातून जाणारी चिखलाची वाट. पाणी उतरत होतं. चिखल उघडा पडला होता आणि त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. पाहुणी गुडघ्यावर बसली. माशाला डोक्याच्या वर डोळे, पंखांवर टेकून तो चिखलात चालतो, आपली चाहूल लागली की शेपटीच्या फटक्यानं बिळात. एक निवटी बिळाच्या तोंडाशी थांबून आमच्याकडे बघत राहिली. तिच्या अंगावरचे निळे ठिपके उन्हात चमकत होते. पाहुणीनं फोन काढला नाही. मला ते फार आवडलं.

मावशीचे दीर होडी ओढून वर घेत होते. मावशीनं आम्हाला मंडपात बसवलं, चहा दिला. तिला पाहुणीशी बोलायला भाषा लागली नाही. खेकड्याच्या नांग्या कशा बांधतात ते तिनं दाखवलं, एक पाय दाबून, सुतळी दोनदा फिरवून. पाहुणीनं करून बघितलं, जमलं तेव्हा मावशीनं तिच्या पाठीवर थाप मारली. पूर्वी जिताडा मिळायचा, हातभर, आता महिन्यातून एखादा आला तर आला, असं मावशी मला सांगत होती. मी विचारलं, तुमची घरं रस्त्याच्या त्या बाजूला आणि होड्या या बाजूला, त्रास होत नाही का? तर म्हणाली, "आमचे घराचा तोंड खारीवर व्हता, ताई. रोड झायला, मंग आमी पाठी गेलो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं मी या खाडीला शहराचं मागीलदार समजत आले होते. इथल्या माणसांचं ते पुढचं दार होतं. वाशीचा पूल १९७०च्या दशकात झाला, त्याआधी मुंबईला जायचं ते होडीनं. बेलापूरचा किल्ला उभा आहे तो खाडीच्या तोंडावर, पाण्यावरून कोण येतंय ते बघत. शेकडो वर्षं या किनाऱ्यावर पाहुणा आला तो भरतीबरोबर आला. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं, रस्ते आले, मग रेल्वे आली, आणि घरांची तोंडं एकेक करत फिरली.

जेट्टीवरून थोडं पुढे गेलं की एका धारण तलावाचं तोंड लागतं. नवी मुंबई बरीचशी खाजणावर भर टाकून उभी आहे. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी शहरातल्या गटारांच्या पातळीच्या वर जातं. तेव्हा जोराचा पाऊस असला तर शहरातलं पाणी जाणार कुठे? म्हणून खाडीच्या कडेला हे तलाव ठेवले. पावसाचं पाणी आधी तलावात जमतं. तलावाच्या तोंडाला बिजागरीवर लटकणारं दार असतं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ते लागतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. जुलैमध्ये आम्ही कोरड्या जिन्यानं वर-खाली करतो ते या दारांच्या जिवावर.

पाहुणी त्या दारापाशी ओणवी झाली आणि हसली. आमच्याकडे असंच आहे, म्हणाली. तिच्या देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. तिचे आजोबा गावच्या बांधांची देखभाल बघणाऱ्या मंडळात होते, लहानपणी तिला दार बघायला घेऊन जायचे. मी मावशीला हे सांगितलं, तर तिला यात नवल वाटलं नाही. "उघारी म्हनं. माजे सासऱ्याचे टायमाला लाकराची व्हती."

उघाडी. खारभूमीच्या बांधातलं लाकडी दार. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये आणि पावसाचं बाहेर जावं म्हणून आगरी-कोळ्यांनी बांध घातले, त्यात उघाड्या बसवल्या आणि मागच्या खाऱ्या मातीत तांबडा राता भात पिकवला. बांध फुटला तर सगळं गाव रात्री-अपरात्री मातीच्या पाट्या घेऊन धावायचं. आमच्या इंजिनिअरांनी शहरासाठी जे योजलं, ते इथल्या शेतकऱ्याच्या हाताखालचं होतं. नेदरलँड्सची नात आणि सारसोळ्याची सून एकाच दारावर वाकून बघत होत्या आणि दोघींनाही ते दार ओळखीचं होतं.

दार मात्र अडकलं होतं. खालच्या कडेला प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचा मखराचा खांब, नारळाच्या शेंड्या, निर्माल्याची एक अख्खी पिशवी गाठ मारलेली. त्यावर गाळ बसून तो सिमेंटसारखा झालेला. ओहोटी पुरती लागली होती तरी आतलं पाणी तसंच उभं होतं. पाहुणी काही बोलली नाही. तिनं बाजूची काटकी घेऊन एक पिशवी ओढून बघितली, ती फाटली, हातात तुकडा आला. माझी मान खाली गेली. आई असती तर मला आधी इथे बसवलं असतं.

परतताना मावशी आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. खाडीच्या पलीकडे विमानतळाची बाजू. उलव्याची टेकडी होती तिथे आता सपाट आहे, उलवे नदीचा प्रवाह वळवला आहे. कोंबडभुजे, तरघर, वाघिवली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावं उठली. मावशीचं माहेर कोंबडभुजे. तिकडे हात करून ती म्हणाली, "माजे माहेराव आता इमान उतरल." आवाजात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं. तिच्या घरात प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचा फोटो आहे, हार घातलेला. १९८४च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा तिचे वडील त्या गर्दीत होते. विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून १० जून २०२१ला मानवी साखळी झाली, त्या साखळीत ती स्वतः उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन. विमानतळ झाला याचा मला आनंद आहे, माझा मुलगा तिथे कामाला लागेल अशी मलाही आशा आहे. पण त्या दिवसापासून मी कुठल्याही पाहुण्याला त्या बाजूला नुसतं "ते बघ विमानतळ" म्हणून दाखवत नाही. आधी दहा गावांची नावं सांगते.

२ नोव्हेंबरचा अंतिम सामना सगळ्यांनी बघितला, त्यावर मी काय लिहू? पावसानं दोन तास उशीर झाला, मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला आणि आमच्या इमारतीच्या भिंती हलल्या. स्टेडियम आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर, आवाज आधी खिडकीतून आला आणि मग टीव्हीवर. रात्री दोनपर्यंत पोरीबाळी रस्त्यावर नाचत होत्या. एवढ्या रात्री एवढ्या मुली निर्धास्त रस्त्यावर, हे या गावात मी पहिल्यांदा बघितलं आणि डोळे भरून आले.

झोप लागली नाही म्हणून पाचला खाली उतरले. खराटे घेऊन बायका आल्या होत्या, डोक्यावर कापड, अंगात केशरी जाकीट. कागदी झेंडे, पिपाण्या, पाण्याच्या बाटल्या यांचा घोट्यापर्यंत खच. त्यातली एक वाकून झेंडे वेगळे करत होती. केरात टाकत नव्हती, एकावर एक रचून दुभाजकाच्या कठड्यावर ठेवत होती. मी तिला चहा विचारला. ती म्हणाली, "एवढा चौक होऊ दे." सात वाजले आणि लोक दूध आणायला निघाले तेव्हा रस्ता लख्ख होता.

आठवड्याभरानं हिरवं कापड निघालं. केरसुणीवाली पुन्हा पुलाखाली आली, आता झाडू आणि सुपं घेऊन. मी तिला पाहुणीबद्दल सांगितलं. जायच्या आधी तिनं माझ्याकडची केरसुणी हातात घेऊन वळण बघितलं होतं आणि विकत मिळेल का विचारलं होतं. बाईनं लगेच एक लहान केरसुणी करून दिली, वीतभर, तांबडा दोरा गुंडाळून. पैसे घेईना. लेकीनं ती पार्सलानं पाठवली.

२५ डिसेंबरला विमानतळावरून पहिली प्रवासी विमानं उडाली. त्याच सुमारास पाहुणीचा निरोप आला: पक्षी आले का? दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला गेले. आले होते, थोडे. पुढच्या महिन्यांत ठाणे खाडीत ते लाखाच्या घरात जातात. २०१५ साली तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. पण त्या सकाळी तीस-चाळीसच होते, आणि त्यातले बरेच या वर्षीचे, करड्या पिसांचे. गुलाबी रंग त्यांच्या अंगात अजून उतरायचा होता. खाडीतलं खाऊन खाऊनच तो उतरतो. माना उलट्या करून, चोच पाण्यात फिरवत ते चरत होते. मी फोटो काढून पाठवला. करडे पक्षी, करडं पाणी, मागे तिवरं.

तिचं उत्तर दुपारी आलं. पक्षी सुंदर आहेत, आणि खाली एक ओळ: दार उघडतंय का?

मला माहीत नव्हतं. फोटो काढून मी तशीच परत आले होते. दुसऱ्या दिवशी मावशीला तिथी विचारली आणि ओहोटीला पुन्हा गेले. मावशीचे दीर आणि त्यांची दोन पोरं आदल्या आठवड्यात तिथे पहार घेऊन बसली होती, होडीच्या वाटेत गाळ येतो म्हणून. कडेला तीन गोण्या भरून ठेवलेल्या होत्या, अजून कुणी उचलल्या नव्हत्या. दार चार बोटं उघडं होतं. मी काठावर बसून बघितलं. आतलं काळपट पाणी त्या फटीतून बाहेर जात होतं, सावकाश, पण जात होतं.